दाराशी तूच ठेवलंस तिला

दार वीतभर उघडलं आणि अडकलं. खाली काहीतरी मऊ होतं. मी खांदा लावणार, तेवढ्यात फटीतून लाल कुंचीचं टोक दिसलं. आपली तान्ही नात, नंदा होती ती. दाराला चिकटून, तोंड फटीकडे, डोळे मिटलेले. शेकाच्या वेळी सगळं घर डोक्यावर घेणारी पोर गप्प पडली होती. मी हात आत घातला, तिला हळूच बाजूला सरकवलं आणि अंग चोरून आत शिरले.

तू जमिनीवर पालथी होतीस, डोकं दाराकडे. तुझी लेक शैला खिडकीखालच्या गादीवर, गळ्यापर्यंत रजई, गाल गुलाबी. खोलीच्या मधोमध शेगडी, निखारे लाल फुललेले. धुराचं नाव नाही.

पोरीला उचलून जिन्यात ठेवलं. खिडकी रंगानं चिकटलेली, उघडेना. खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि काच फोडली. एक फोडली, दुसरी फोडली. शैलाच्या काखेत हात घालून तिला जिन्यापर्यंत ओढत नेलं. तुझ्याकडे शेवटी आले, तेही लिहून ठेवते. आधी लेकरू, मग बाळंतीण, मग आपण म्हाताऱ्या. तूही तसंच केलं असतंस. तुझ्या गालावर एक लगावली आणि ओरडले, "यमुने, ऊठ वं!" त्याआधी मी तुला विहीणबाईच म्हणत होते.

हे सगळं मी तुला किती वेळा सांगितलं. दर वेळी तू मधेच तोडायचीस. काल तुझी तेरवी झाली. आता तुला तोडता येणार नाही, म्हणून शेवटापर्यंत सांगते. मी चौथी शिकलेली बाई, लिहायला वेळ लागतो. पण बसले आहे तर पुरं करूनच उठेन.

आपल्या दोघींचं आधी पटत नव्हतं. शैला-मधुकरच्या लग्नात तुमच्याकडून आलेलं मानाचं लुगडं मी दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हटलं, उमरेडचे विणकर म्हणवता आणि सूत एवढं विरळ? तू मांडवातच होतीस, ऐकलंस. तूही कमी नव्हतीस. नागपूरच्या महालातले लोक बोलतात भरपूर आणि वाढतात हात राखून, असं तू माझ्या नणंदेला सांगितलंस. मला कळावं म्हणूनच तिला सांगितलंस. त्यानंतर सणावाराला येणं-जाणं झालं, पण दोघी एकमेकींच्या हातचा चहा निवू देऊन प्यायचो.

मग माझ्या मधुकरला ब्राइटनला नोकरी लागली. तुझी शैला तिकडे गेली आणि वर्षभरात तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. तिला येणं जमेना, तेव्हा माहेरानंच तिकडे जायचं ठरलं. तू एकटी विमानात बसायला तयार नव्हतीस. मला थोडंफार वाचता येतं, म्हणून मधुकरनं मलाही बोलावलं. मुलीची आई आणि मुलाची आई, एवढ्या लांबचा प्रवास, खुर्चीला खुर्ची लागून. बायका मला विचारायच्या, विमानात भीती नाही वाटली? मी सांगायची, विमानाकडे लक्ष द्यायला फुरसत कुठे होती.

ट्रंकेत तू लोखंडी शेगडी घेतली होतीस. नागपूर स्टेशनवरच मी विचारलं, हे काहून आणलं, तिथं उबेसाठी गॅस असते म्हणतात. तू म्हणालीस, "गॅसनं कमरेले शेक लागते काय?" लंडनला सामान तपासणाऱ्या माणसानं ती शेगडी जुन्या लुगड्यातून सोडवली आणि दोन्ही हातांनी वर धरून उलटीपालटी करून पाहिली. मग ओवा-बाळंतशोपाची पुरचुंडी नाकाला लावली, तर त्याला सटासट शिंका आल्या. तू त्याला मराठीत समजावून सांगितलंस की हे बाळंतिणीचं आहे, तुमच्या घरी लागत असेल तर मूठभर ठेवून घ्या. त्यानं घाईघाईनं सगळं परत भरलं आणि जा म्हणाला.

मधुकरचं बिऱ्हाड उतारावरच्या एका घरात वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालकीण, म्हातारी, एकटी. रस्त्याच्या टोकाला समुद्र. उतारावरून पाहिलं की तो खाली पसरलेला दिसायचा नाही, भिंतीसारखा उभा दिसायचा. पहिल्या सकाळी तू मला हलवून उठवलंस, म्हणालीस शेजारचं लेकरू केव्हाचं रडते, याची माय कुठं गेली? छपरावर पांढरे समुद्रपक्षी ओरडत होते.

नंदा दवाखान्यात झाली. घरी आली, आणि तुझं राज्य सुरू झालं. सकाळी तेल, ऊन पाणी, दुपारी शेक, ओव्याची धुरी. कोळसा घरमालकिणीनं तळघरातून काढून दिला. तिकडे बिनधुराचा कोळसा मिळायचा, दिसायला अंड्याएवढे काळे गोळे. धूर होत नाही असं तिनं हातानं हवेत वळणं काढून आणि मग नाही-नाही करून सांगितलं. तुमच्या उमरेडला कोळशाच्या खाणी, त्यामुळे कोळसा तुला कोणी शिकवायचा नाही. आपल्याकडचा नियम सगळ्यांना ठाऊक होता, मलाही ठाऊक होता: शेगडी बाहेर पेटवायची, धूर सरला की आत घ्यायची. धूर नाही म्हणजे भीती नाही. आपल्या घरांच्या छपराला कवेलू, कवेलूतून आभाळ दिसतं, दाराखालून मांजर जातं. तिथल्या खोलीला कुठे सुईएवढं भोक नव्हतं, आणि ते आपल्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

तरी सुरुवातीचे दिवस निभावले, कारण दाराखाली फट होती. त्या दिवशी समुद्रावरून असा वारा सुटला की जिना शीळ घालत होता. बाळंतिणीला वारा लागेल म्हणून तू ती फट बंद केलीस. जुन्या लुगड्याचा तुकडा होता, करवतकाठी, तुमच्याच मागावरचा. तो ठासून बसवलास. मी मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत होते. पक्ष्यांनी दोन दुपटी घाण केली, ते तुला सांगायला वर आले. जिन्यात असतानाच काहीतरी वेगळं वाटलं. शेकाची वेळ होती आणि नंदाचा आवाज नव्हता.

पुढचं वर लिहिलं आहे. काचा फुटल्याच्या आवाजानं घरमालकीण वर धावली. तिनं एकदा खोलीत पाहिलं आणि तशीच खाली फोनकडे गेली. गाडी आली. माणसांनी तुमच्या तोंडाला रबरी मुखवटे लावले. तुझी उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. एकानं बोटं सोडवायचा प्रयत्न केला, सुटेनात, त्यानं नाद सोडला. मुठीत तो लुगड्याचा तुकडा होता. तो तुझ्याबरोबर गाडीत गेला.

दवाखान्यात आधी नंदा रडली. तो आवाज ऐकून मी तिथल्या बाकावर बसले, तोवर उभीच होते. मग शैलानं डोळे उघडले, आणि अंधार पडता पडता तू. डॉक्टरनं मधुकरला सांगितलं की त्या कोळशाच्या हवेला रंग नाही, वास नाही, माणूस झोपल्यासारखा जातो. मधुकर तसाच माझ्याकडे आला. म्हणाला, तुम्हा दोघींचं पुढच्या विमानाचं तिकीट काढतो. मी म्हटलं, काढ, पण मी बसणार नाही. तोंड लपवून जायला आम्ही चोरी केली नाही. मग त्याला सांगितलं की विहीणबाईंनी पोरीला दाराशी आणून ठेवलं होतं, फटीतला कपडा ओढून काढला होता.

"आई, आता कोणाची बाजू घेऊ नको," तो म्हणाला.

"बाजू नाही घेऊन राहिली. पाहिलं ते सांगून राहिली."

तो ऐकण्याच्या अवस्थेत नव्हता. मला वाटलं, शांत झाला की शैलाला सांगेल. नाहीतर तू स्वतःच सांगशील. जिनं केलं तिला माहीत नसेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

घरी आल्यावर शैला तुला रागाचा एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तू हात पुढे केलेस की ती म्हणायची, राहू दे आई, आत्ताच झोपली आहे. जागी असली की म्हणायची, भूक लागली आहे तिला. तू हात मागे घ्यायचीस आणि पदराला पुसायचीस, जणू ओले होते. मधुकरनं शेगडी मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. तू ती काढून आणलीस, घासलीस, तिच्यात माती भरली आणि धणे पेरलेस. कोथिंबीर चांगली आली. वरणात पडली की सगळे गुपचूप खायचे.

आणि तू जेवणं सोडलंस. म्हणजे बसायचीस ताटावर, पण घास ताटातच फिरवायचीस. मी काही दिवस पाहिलं. मग एका सकाळी तुझ्यासमोर जोडे टाकले आणि म्हटलं, चल. कुठं, म्हणून विचारलंस. मी म्हटलं, एवढ्या लांब येऊन समुद्र न पाहता मेली तर लोक मला हसतील.

त्या शहराइतकं उनाड शहर मी पाहिलं नाही. नागपुरात जत्रा उठते, तिथे उठतच नव्हती. किनाऱ्याला वाळू नाही, नुसते गोटे, हिवाळ्यात वाफवलेल्या वालांसारखे गुळगुळीत. त्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडी खुर्च्या मांडून म्हातारे नवरा-बायको उन्हाला तोंड करून बसलेले, जोडे काढून, आईस्क्रीम चाटत. आपल्या वयाच्या बाया झगे गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभ्या, आणि लाटा आल्या की पोरींसारख्या ओरडायच्या. पोरं-पोरी एकमेकांच्या गळ्यात पडून चाललेली. तू पहिल्या दिवशी पदर कपाळापर्यंत ओढून मान खाली घातलीस. तिसऱ्या दिवशी मला कोपरानं ढोसून दाखवायला लागलीस. राजाचा एक जुना महाल होता, कांद्यासारखे घुमट आणि मिनार. तू दर्गा समजून हात जोडलेस. मी सांगितलं, अगं तो राजाचा ऐषारामाचा बंगला आहे. तू म्हणालीस, जोडले ते जोडले, आता परत कसे घेऊ?

नऊवारी काष्टा, वर मधुकरचा कोट आणि पायात कॅनव्हासचे जोडे, अशा दोन बाया गोट्यांवरून डुलत चाललेल्या पाहून लोक फोटो काढायचे. मी सरळ उभी राहायची. काढा म्हटलं, आम्हाला काय.

एकदा आपण भाकरी बांधून नेली होती. तू कितीतरी दिवसांनी पहिला घास मोडलास, आणि एका समुद्रपक्ष्यानं अख्खी भाकरी तुझ्या हातातून उचलून नेली. तू उठून त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट ज्या शिव्या घातल्यास, त्या इथे लिहिता येणार नाहीत. मी हसले. तूही हसलीस. आणि हसता हसता रडायला लागलीस.

म्हणालीस, "मी आपल्या हातानं मारत होती लेकराले. शैला नाही देत हातात, तं काय चुकलं तिचं?"

"चुकलं," मी म्हटलं. "तूच तं दाराशी आणून ठेवलं तिले."

"कोणाले?"

"नंदाले. आणखी कोणाले?"

तेव्हा मला कळलं की निखाऱ्यावर ओवा टाकल्यापासून पुढचं तुला काहीच आठवत नाही. मी सगळं सांगितलं. दार कसं अडलं, पोरगी कुठे होती, तिचं तोंड कुठे होतं, फडकं कुठे होतं. तू मान हलवलीस. "शैलानं ठेवलं असन."

"शैला रजईत होती. अंगावरची घडी मोडली नव्हती."

"मंग मी पडली तेव्हा ओढल्या गेली असन."

"गादी खिडकीखाली. दार तिकडं. पोट्टी चालत गेली काय? महिन्याची नव्हती झाली."

"माह्यासाठी बनवून सांगून राहिली तू."

"तुह्यासाठी मी कधी लुगडं चांगलं आहे म्हटलं नाही, खोटं कायले बोलू?"

तुला पटलं नव्हतं. तू गोटे उचलून पाण्यात टाकत बसलीस. मी ठरवलं की तुला पटो न पटो, शैलाला आता मीच सांगणार, मधुकरची वाट पाहणार नाही.

पुढच्या रविवारी सगळे मिळून समुद्रात आत गेलेल्या एका लांब पुलावर गेलो. दोन्ही बाजूंना दुकानं, बंदुकीनं डबे पाडायचे खेळ, गुलाबी साखरेच्या कांड्या, बाजाचा आवाज. पायाखाली फळ्या, आणि फळ्यांच्या फटीतून खाली हिरवं पाणी हलताना दिसायचं. बाळाची गाडी शैलाच्या हातात. फट दिसली की ती थबकायची. तू चार पावलं मागे चालत होतीस, आपल्या मुलीच्या मागे, वाढपी जसा पंगतीच्या कडेनं चालतो तशी.

मी शैलाला कठड्याशी थांबवलं आणि सांगितलं. तुला सांगितलं तेच, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. तिनं विचारलं, कोणता तुकडा? मी म्हटलं, करवतकाठी, तुझ्या आईच्या मागावरचा. तिच्या मुठीतून काढता आला नाही कोणाला.

शैला म्हणाली, दवाखान्यातून निघताना नर्सनं आईच्या बांगड्यांबरोबर तो धुऊन घडी करून दिला होता. तिला वाटलं, आईच्या कमरेला खोचलेलं हात पुसायचं फडकं असेल. कपाटात टाकला होता. त्या तुकड्याला दाराच्या तळाच्या खिळ्यात अडकून ओढल्याची चीर होती, ती तिनं पाहिली होती, आणि कशी पडली असेल याचा विचार केला नव्हता.

मग ती वळली, गाडीतून नंदाला उचललं आणि चार पावलं मागे गेली.

"आई, धर," ती म्हणाली. "वारा आहे. पदराखाली घे तिले."

तू घेतलंस. मधुकरनं एक कापडी खुर्ची ओढून आणली. त्या खुर्चीत माणूस नुसता आत जातो, तू तर पार आत गेलीस, वर फक्त पदर आणि लाल कुंची दिसत होती. शेजारच्या खुर्चीतल्या एका बाईनं वाकून काहीतरी विचारलं. तू तिला मराठीत सांगितलंस, "नात आहे माही." तिला समजलं.

त्यानंतर तू सुटलीस. पुलाच्या टोकाला एक उंच लाकडी मनोरा होता, वर चढायचं आणि चटईवर बसून गोल गोल घसरत खाली यायचं. तू काष्टा आवळून चढलीस. खाली आलीस तेव्हा केस सुटलेले, एक जोडा वरच राहिलेला, आणि म्हणालीस, आता तू. मी चढले. हे मधुकर अजूनही लोकांना सांगतो.

परत आल्यावरही आपला वाद मिटला नाही. लग्नात, तेरवीत, उमरेडच्या एस.टी. स्टँडवर, कुठेही भेटलो की तू एकदा तरी म्हणायचीस, तू माझ्यासाठी खोटं बोललीस वं, आणि मी तुझं आयुष्यभर ऋण मानते. आणि मी चिडायची. ऋण नको होतं मला. खरं मान, एवढंच म्हणत होते. माझे हे गेले तेव्हा तू पिशवी घेऊन आलीस आणि न सांगता राहिलीस. माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलंस, डाळीत गूळ घातलास, माझ्या मोलकरणीला डोक्यावर चढवलंस. मी ओरडले की आता घरी जा, तेव्हा म्हणालीस, ओरडायला लागलीस म्हणजे बरी झालीस, आणि दुसऱ्या सकाळच्या गाडीनं गेलीस. तेव्हा मी काही बोलले नाही. चांगली राहिलीस, यमुना. फार चांगली राहिलीस.

मागच्या महिन्यात मी तुला पाहायला आले. तू चिमणीएवढी झाली होतीस. सुनेला बाहेर पाठवलंस आणि म्हणालीस, "आता तं खरं सांग वं. मी चालली."

"खरं तेच सांगून राहिली."

"भारी जिद्दी बाई आहे," असं म्हणून तू हसलीस आणि भिंतीकडे वळलीस. पटलं की नाही, ते सांगितलं नाहीस. याचा मला राग आहे. तू गेलीस त्याचं दुःख आहे ते वेगळं, ते मी पाहून घेईन. पण हा राग आहे.

काल तेरवीला शैला आणि नंदा दोघी होत्या. नंदा माझ्या डोक्यावरून जाईल एवढी झाली आहे. मराठी बोलते, पण शब्द थंड पाण्यासारखे एकेक सोडते. पंगती उठल्यावर तिला मी शेजारी बसवलं आणि दारापासून काचांपर्यंत सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि एकच विचारलं: आजीला पटलं होतं का?

ते तिनं सांगितलं नाही, मी म्हटलं.

मग तुम्ही आता काय करणार?

सांगत राहणार, म्हटलं. आणि माझ्यामागे तू सांगायचं.

ती हो म्हणाली. तेव्हा यमुने, तुला पटलं नसेल तर तसंच राहू दे. आता तुझ्या म्हणण्याला विचारतं कोण. त्या दुपारी ब्राइटनच्या त्या बंद खोलीत तिघी होत्या: तू, तुझी मुलगी आणि तिची मुलगी. तिघी जगल्या.